तीनशे अठरा वर, तीनशे अठरा खाली

तिला आम्ही मीटर म्हणायचो. पाठीमागे, अर्थात. तोंडावर ताई. तोंडावर मीटर म्हणायची छाती कुणाची नव्हती, माझीही नव्हती, आणि मी काही भिडस्त माणूस नाही, विचारा कुणालाही.

आमच्या शहरातला मनोरा सगळ्यांना ठाऊक आहे. पोस्टकार्डांवर असतो, बिस्किटांच्या डब्यांवर असतो. लोक लांबून येतात, तिकीट काढतात, लिफ्टने वर जातात, गोल सज्ज्यात उभे राहून स्वतःचं घर शोधतात. घर सापडत नाही. मग दुसऱ्याच कुठल्यातरी छपराकडे बोट दाखवून ‘ते बघ आपलं’ म्हणतात आणि खुशीत खाली येतात. मी तिथे लिफ्ट चालवायचो. दिवसाला शंभर वेळा वर जायचं आणि शंभर वेळा खाली यायचं, आणि कुठे पोहोचायचं नाही, असं माझं काम.

ताईचं काम मोजायचं. खालच्या दालनात एका अंगाला चढणाऱ्यांचं दार, दुसऱ्या अंगाला उतरणाऱ्यांचं, आणि मधोमध तिचं उंच स्टूल. दोन्ही हातांत मुठीत मावेल एवढं एकेक मोजणीचं यंत्र, अंगठ्याने दाबलं की टक्. उजवा हात चढणाऱ्यांचा, डावा उतरणाऱ्यांचा. शेवटी दोन्ही आकडे सारखे आले की मनोऱ्याला कुलूप. नाही आले तर कुणीतरी वर राहिलंय. सव्वीस वर्षांत चारदा आकडे जुळले नव्हते आणि चारही वेळा वर माणूस सापडला होता. एकदा तर जोडपं होतं. ताईने खालून नुसतं सांगितलं, ‘दोघं आहेत,’ आणि दोघंच होते. बिचारे घाबरून लग्नाला तयार झाले असतील.

कडेवरची मुलं ती मोजत नसे. त्यांना तिकीट नसतं, म्हणून मोजणीतही ती नाहीत, असा नियम होता. एकदा एका पोटुशा बाईच्या नवऱ्याने मस्करीत विचारलं, ‘हिचे किती धरता, एक की दोन?’ ताई न हसता म्हणाली, ‘स्वतःच्या पायांनी आला की धरीन.’ अशी होती. बसमध्ये चढली की कंडक्टरला सांगायची, मागे दोघं बिनतिकिटाचे बसलेत. दुसऱ्या बाईला लोकांनी झोडपलं असतं, हिला मात्र सगळे वचकून होते.

घरी ती आणि तिचे सासरे, दोघंच. नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला, मूलबाळ नाही. माहेरच्यांनी बोलावलं, ही गेली नाही. सासरे टपाल खात्यात पत्रं लावायचे, पुढे नजर गेली. सायकलवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या, जिना अरुंद, स्वयंपाकघरात एका वेळी एकानेच वळावं एवढी जागा. संध्याकाळी ही दारात आली की म्हातारा आधी विचारायचा, ‘जुळलं का?’ ही म्हणायची, ‘जुळलं, मामंजी.’ मग चहा. दुसरं काही बोलणं त्यांच्यात फारसं होत नसावं, पण एवढं एक चुकत नसे.

मला ती सख्ख्या भावासारखी वागवायची, म्हणजे येता-जाता झापायची. माझी बायको दुसऱ्या बाळंतपणात महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ताईने रोज सकाळी आमच्याकडे डबा पोहोचवला. तोही न बोलता. दार वाजवायचं, डबा ठेवायचा, निघायचं. मी एकदा आभार मानायला गेलो तर म्हणाली, ‘डबे परत आण. तीन झालेत तुझ्याकडे.’

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढचं सांगताना माझी जीभ जड होते.

थंडीचे दिवस होते. लिफ्टचे पोलादी दोर बदलायचे म्हणून चार दिवस मनोरा बंद राहणार होता. पहिल्या दिवशी दुपारी अडीचला शेवटचा माणूस खाली, तीनला दोरवाल्यांच्या ताब्यात लिफ्ट, असं ठरलं होतं. दोरवाले दोन वाजल्यापासूनच सामान घेऊन दालनात हजर. त्यांचा मुकादम ताईच्या स्टुलाला खेटून उभा, हातात कागद, ‘बाई, सही करा, बाई, जागा मोकळी मिळाली असं लिहून द्या.’ ती मान हलवायची, मोजायची, तो पुन्हा कागद पुढे करायचा. व्यवस्थापक साहेब वरच्या पायरीवरून घड्याळ दाखवत होते. दारातून लोक बाहेर पडतायत, टक्, टक्, टक्, आणि मुकादमाची टकळी चालूच.

अडीचला मी शेवटची नऊ माणसं घेऊन खाली आलो. ती दारातून गेली. ताईने दोन्ही मुठी उघडून बघितल्या. ‘तीनशे अठरा वर, तीनशे अठरा खाली. जुळलं.’ तिकीटबारीवरही तीनशे अठराच. तिने मुकादमाच्या कागदावर सही केली.

आता माझं एक काम राहिलं होतं. नियम असा, की आकडे जुळले तरी लिफ्टवाल्याने रिकामी लिफ्ट वर न्यायची आणि सज्ज्याला एक पूर्ण फेरी मारून यायची. मी वर गेलो. दार उघडलं तर वारा असा, की कान फाटतील. मी कोटाची कॉलर वर केली आणि निघालो. बाजारपेठेची बाजू झाली, स्टेशनची बाजू झाली. खाली दोरवाले लिफ्टच्या खड्ड्यात तोंड घालून हाका मारत होते, त्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. मी थांबलो. म्हटलं, ताईने सांगितलंय जुळलं. ताईचं जुळलं म्हणजे जुळलं, देव जरी वर असता तरी तिने मोजला असता. आणि मी अर्ध्यातून वळलो. नदीच्या बाजूला गेलोच नाही.

खाली येऊन फेरीच्या वहीत ‘फेरी पूर्ण, कोणी नाही’ लिहिलं. लिफ्टचा वीजपुरवठा बंद झाला. वरून लिफ्ट बोलवायची घंटा त्याच तारेवर होती, तीही बंद. जिन्याच्या दाराला कुलूप लागलं, किल्ली साहेबांच्या खिशात. तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते.

पावणेचारच्या सुमाराला मी आणि ताई फाटकाबाहेर बसची वाट बघत उभे होतो. चार दिवस सुट्टी म्हणून मी खुशीत होतो, काहीतरी बडबडत होतो. समोर फुगेवाल्यापाशी एक जोडपं आणि त्यांचं अडीच-तीन वर्षांचं पोर. पोर आपल्या पायांनी इकडून तिकडे पळत होतं. मग दमलं, हात वर केले. आईने उचलून खांद्यावर टाकलं आणि वरून शाल ओढली. पोराचा मागमूस राहिला नाही, शालीचं गाठोडं दिसत होतं नुसतं.

ताईने माझा दंड धरला. इतक्या जोरात, की मी बडबडायचा थांबलो.

‘हे असंच चढलं होतं,’ ती म्हणाली.

‘कोण?’

‘ते पोर. चढताना शालीत होतं, झोपलेलं. मी धरलं नाही. उतरताना चालत आलं. तो मुकादम कागद नाचवत होता आणि समोरून चालत आलं म्हणून माझा अंगठा पडला. मी ते खाली धरलंय.’

मला एक क्षण काही कळलं नाही. मग कळलं. पोर वर जाताना मोजलं नाही आणि खाली येताना मोजलं, तर तीनशे अठरा खाली आले त्यात एक हे पोर. म्हणजे तिकिटाची माणसं तीनशे सतराच उतरली. आकडे जुळले आणि माणूस वरच राहिला.

‘ताई, तुमचा भास असेल,’ मी म्हणालो. ‘दिवसभरात शंभर पोरं बघता तुम्ही.’

‘आज कडेवरची सहा होती. पाच कडेवरच उतरली.’

‘अहो पण मी फेरी मारली ना.’ हे माझ्या तोंडून गेलं. मला थांबवता आलं नाही, म्हणजे मी थांबवलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. ‘मारलीस ना? मग कदाचित नसेलही कुणी,’ ती म्हणाली. पण पाय मनोऱ्याकडे वळले होते तिचे.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं: अर्धीच मारली. नाही म्हणालो. माझ्या नावावर दोन ताकिदी आधीच होत्या, एक उशिराची आणि एक सज्ज्यात बिडी ओढल्याची. तिसरी म्हणजे घरी बसणं. घरी दोन मुली, धाकटी अजून अंगावर पिणारी. ही कारणं मी त्या वेळी मनात भराभर मांडली. कारणं खरी होती. मी मात्र लबाड होतो.

साहेब कोट चढवून निघायच्या बेतात होते. ताईने उभ्यानेच सांगितलं, ‘साहेब, एक जण वर आहे.’

‘आकडे?’

‘आकडे जुळतात. पण माझी मोजणी चुकली.’

साहेबांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही भिंतच बोलली. सव्वीस वर्षांत हे वाक्य त्या इमारतीत कुणी ऐकलं नव्हतं. मग ते खुर्चीत बसले आणि वकिलासारखे बोलायला लागले. ‘बाई, एक चूक झाली असेल तर दुसरीही झाली असेल. एखादा माणूस उतरताना निसटला असेल. दोन चुकांनी हिशेब बरोबर झाला. फेरीही झालेली आहे. लिफ्ट मोकळी झाल्याचा कागद मी वरिष्ठांकडे पाठवलाय. आता काय सांगू त्यांना?’

‘दोन चुका झाल्या असतील तर चांगलंच आहे,’ ती म्हणाली. ‘जिन्याची किल्ली द्या. मी जाऊन बघते.’

‘चारशे शहाऐंशी पायऱ्या आहेत.’

‘मला माहीत आहेत.’

‘आणि वर कुणी नसलं तर? चार महिन्यांनी निवृत्त होताय तुम्ही. नसलेल्या माणसासाठी कशाला नाव घालवता?’

मला वाटलं, ऐकते आता. मला वाटलं म्हणजे, ऐकावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती म्हणाली, ‘साहेब, वर चार दिवस वारा खाऊन माणूस मरतो.’

साहेबांनी ड्रॉवर उघडून कोरा कागद काढला. आधी लिहून द्या, म्हणाले. मोजणीत माझ्याकडून चूक झाली, जबाबदारी माझी. तिने लिहिलं, सही केली, तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच सुबक. साहेबांनी किल्ली दिली, एक टॉर्च दिला, आणि मला म्हणाले, ‘तू जा सोबत.’

तो जिना आम्ही कुणी वापरत नसू. गोल, लोखंडी, भिंतीला चिकटून वर जाणारा, दर वीस-बावीस पायऱ्यांवर एक झरोका. ताई पुढे, मी मागे. तिचे गुडघे दुखायचे. कठडा धरून एकेक पाय वर घ्यायची. पहिल्या शंभरात मी म्हणालो, ‘तुम्ही थांबा, मी जाऊन येतो.’ म्हणाली, ‘नको. माझी मोजणी आहे.’ दोनशेवर तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. तीनशेला ती बसली. मी खालच्या पायरीवर उभा राहिलो.

मी त्या अंधारात काय विचार करत होतो ते सांगतो, मग मला काय हवं ते म्हणा. वर कुणी नसेल, तर ही बाई म्हातारपणी भ्रमिष्ट झाली असं होईल आणि मी सुटेन. वर कुणी असेल, तर मी मेलो. आणि मी देवाला म्हणत होतो, कुणी नसू दे. माणूस सुखरूप असू दे असं नव्हतो म्हणत. कुणी नसू दे म्हणत होतो. ती समोर धापा टाकत होती आणि मी तिचं नाव बुडावं म्हणून प्रार्थना करत होतो. माझ्या घरी तिचे डबे आले होते.

‘चल,’ ती म्हणाली आणि उठली.

वरचं दार मी उघडलं. वाऱ्याने ते हातातून हिसकावून भिंतीवर आपटलं. उजेड अजून होता, पण पिवळा पडलेला. ताई न विचारता नदीच्या बाजूला वळली. आता म्हणाल, तिला कसं कळलं? कळलं नव्हतं, डावीकडून सुरुवात करायची तिची सवय. मी उलट बाजूने धावलो, बाजारपेठ, स्टेशन, म्हणजे आपण काहीतरी करतोय असं दिसावं म्हणून. आणि पलीकडून तिचा आवाज आला. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, ‘आहे रे.’

दुर्बिणीच्या दगडी चौथऱ्यापाशी एक माणूस बसला होता. पन्नाशीचा असावा, तपकिरी कोट, गळ्यात मफलर. पाठ भिंतीला घट्ट लावलेली, दोन्ही हातांनी दुर्बिणीचा लोखंडी पाय कवटाळलेला, डोळे गच्च मिटलेले. ओठ निळे पडले होते. ताईने त्याच्या हातावर हात ठेवला तर तो दचकला, पण पकड सोडली नाही.

‘उठा,’ मी म्हणालो.

‘येत नाही,’ तो म्हणाला. एवढंच, आणि तेही दातांतून.

कहाणी तुकड्यातुकड्यांनी कळली. शाळामास्तर होता. तीन आठवड्यांनी त्याच्या वर्गाची सहल इथे यायची होती आणि त्याला लहानपणापासून उंचीची भीती. पोरांपुढे शोभा नको, म्हणून आधी एकट्याने येऊन बघू, जमतंय का. एक वाजता वर आला. बाजारपेठ बघितली, ठीक वाटलं. नदीच्या बाजूला खाली बघितलं आणि पाऊल पुढे पडेना. बसला तो बसलाच. लोक येत होते, जात होते, त्यांना वाटलं, वाऱ्याच्या आडोशाला बसलाय कुणीतरी. ‘हाक का नाही मारली?’ मी विचारलं. त्यावर त्याने डोळे उघडून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

ताई मला म्हणाली, ‘लिफ्टच्या खोलीत पाण्याची बाटली आणि जुनं ब्लँकेट आहे ना, घेऊन ये.’ मी गेलो. कपाटाची कडी गंजली होती, मला चार-पाच मिनिटं लागली. परत आलो तेव्हा दोघं हळू आवाजात बोलत होती. मी आल्यावर थांबली.

उतरवणं हे चढण्यापेक्षा महाकठीण. मास्तरांना पुढे तोंड करून उतरता येईना. शेवटी ताईने युक्ती काढली. त्यांना शिडीसारखं उलटं उतरवायचं, तोंड पायऱ्यांकडे, हात वरच्या पायऱ्यांवर. ती खाली राहिली आणि त्यांचा घोटा धरून एकेक पाऊल पायरीवर टेकवायला लागली. ‘हा डावा. टेकला. आता उजवा.’ मी वरून टॉर्च धरला होता. मधे त्यांचा पाय सुटला आणि बूट तिच्या खांद्यावर आपटला. तिने पाऊल उचलून पुन्हा पायरीवर ठेवलं. तास गेला असेल. खाली जमिनीवर पाय लागला तेव्हा मास्तर ताईच्या हातांवर डोकं टेकून रडले. पन्नाशीचा माणूस, लेकरासारखा रडला. मलाही रडू आलं, पण माझं रडणं निराळं होतं.

साहेबांनी चहा मागवला. मास्तरांना खुर्ची दिली. मग वही उघडली आणि म्हणाले, ‘फेरी पूर्ण असं लिहिलंय. मग हे दिसले कसे नाहीत?’

मी तोंड उघडलं. माझ्या आधी ताई बोलली. ‘चौथऱ्याच्या आड बसले होते. पटकन दिसले नसते.’ मी तिला अकरा वर्षं ओळखत होतो. ती खोटं बोलल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मास्तर कपातून वर बघायलाच तयार नव्हते. साहेबांना वहीत घोळ नकोच होता, त्यांनी ती मिटली. आणि मी उघडलेलं तोंड बंद केलं.

तिला घरी पोहोचवायला मी गेलो. जिन्यावर तिला पाऊल उचलवेना, मी आधार दिला. दारात पाय ठेवला आणि आतून म्हातारबुवांनी विचारलं, ‘उशीर झाला. जुळलं का?’

‘नाही जुळलं, मामंजी.’

मग त्यांनी विचारलं, ‘कितीने?’

‘एकाने.’

‘सापडला?’

‘सापडला.’

‘जिवंत?’

‘हो.’

‘मग ये आत, दमली असशील,’ ते म्हणाले. मी दारातच उभा होतो. तिने मला ‘चहा घेऊन जा’ म्हटलं. मी नको म्हणालो आणि पळालो.

पाचव्या दिवशी मनोरा उघडला. ताईच्या स्टुलावर तिकीटबारीवरची बाई बसली होती. ताईला सामान ठेवायच्या खोलीत पाठवलं होतं: लोकांच्या पिशव्या घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, बिल्ला घ्यायचा, पिशवी द्यायची. सव्वीस वर्षं दालनाच्या मधोमध बसलेली बाई एका खिडकीआड गेली. येणारे-जाणारे कर्मचारी ‘काय ताई, म्हातारपण आलं का?’ म्हणायचे. ती पिशव्या लावत राहायची. दुपारी आम्ही नेहमीसारखे समोरासमोर बसून डबा खायचो. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज भाजी कशी झालीय हेच बोलायचो. असे सोळा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी मास्तर आले, एक्केचाळीस पोरं घेऊन. मला वाटलं, स्वतः खाली थांबतील. नाही. पोरांना तीन फेऱ्यांत वर पाठवलं आणि शेवटच्या फेरीत स्वतः लिफ्टमध्ये शिरले. चेहरा पांढराफटक. दार लागलं आणि त्यांनी डोळे मिटून माझ्या खांद्यावर हात ठेवला. घामाने ओला हात. ‘तुम्ही आहात ना वर?’ त्यांनी हळूच विचारलं, पोरांना ऐकू जाणार नाही असं. मी हो म्हणालो. त्यांचा हात वर जाईपर्यंत तिथेच होता. मला तो सहन होईना.

दुपारी मी डबा उघडलाच नाही. पिशव्यांच्या खोलीत ताईसमोर बसलो आणि म्हणालो, ‘ताई, त्या दिवशी मी फेरी अर्धीच मारली होती. नदीच्या बाजूला गेलो नाही.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली.

‘कसं?’

‘तू पाणी आणायला गेलास तेव्हा मास्तरांनी सांगितलं. त्यांना पावलं ऐकू आली होती. आली, आली, जवळ आली आणि वळली. हाक मारायची होती, पण घशातून आवाज फुटला नाही. त्यांना वाटलं, तू त्यांना बघितलंस आणि मदत आणायला गेलास. त्या आशेवर बसले होते ते.’

ती भाकरीचा तुकडा मोडत होती, तो तिने परत डब्यात ठेवला.

‘मग साहेबांपुढे तुम्ही खोटं का बोललात?’

‘तुझी नोकरी गेली असती. पोरी लहान आहेत.’

‘आणि मला तरी बोलायचं होतंत. दोन शिव्या घातल्या असत्यात.’

‘तू सांगशील असं वाटलं,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या दिवशी वाटलं. मग तिसऱ्या दिवशी वाटलं. रोज समोर बसत होतास.’ आणि मग ती रागावली. तिला झापताना मी हजारदा ऐकलंय, पण हा राग निराळा होता, आवाज चढला नाही. ‘मोजणी चुकली त्याचं मला दुःख आहे, पण ती माझी चूक, मी भरली. तू रोज माझ्यासमोर बसून जेवत होतास, ते माझ्या घशाखाली उतरलं नाही बघ.’

मी तिथून उठलो तो थेट साहेबांकडे. सगळं सांगितलं. साहेब वैतागले. म्हणाले, ‘कागद वर गेला, फाइल बंद झाली. बाईंची सही आहे त्यावर. आता तुझी कशाला?’ मी म्हणालो, ‘कागद द्या.’ मी लिहिलं: त्या दिवशी फेरी अर्धी मारली, वहीत खोटं लिहिलं, ताईंच्या सांगण्यात माझी चूक झाकली गेली. सही केली. साहेबांनी तो कागद वाचला, दुमडला आणि ड्रॉवरच्या तळाशी टाकला. ‘जा,’ म्हणाले, ‘वर पोरं ताटकळलीयत.’

तिसऱ्या ताकिदीची मी महिनाभर वाट बघितली. आली नाही. चार महिन्यांनी ताई निवृत्त झाली, पिशव्यांच्या खोलीतूनच. शेवटच्या दिवशी साहेबांनी छोटं भाषण केलं, त्यात मोजणीचा उल्लेख नव्हता. मी पुढे बावीस वर्षं लिफ्ट चालवली आणि माझ्या निरोपाला मात्र निष्कलंक सेवा असं छापील पत्रक वाटलं. त्यातलं एक मी तिच्याकडे घेऊन गेलो. तिने चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घातली, माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, ‘बस, चहा टाकते.’